सागाचा ओटा, मुंबईचा पाऊस आणि दीड सूत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दादरला जुन्या इमारतीत घर, स्वयंपाकघरात एल आकाराचा ओटा. सिंक आणि गॅस आहे तो हात ग्रॅनाइटचा आणि ठणठणीत. खिडकीखालचा साडेसहा फुटांचा हात कडप्प्याचा होता, तो तडकला म्हणून काढून टाकलाय. खाली प्लायची कपाटं उभी आहेत. त्यांच्यावर लाकडी टॉप हवाय आणि जमेल तेवढं काम स्वतः करायचंय. ओळखीचा सुतार म्हणतो, "फेव्हिकॉल लावून स्क्रू मारतो, वरून मेलामाइन, गणपतीच्या आत देतो." लाकूड कोणतं, पॉलिश कोणतं, आणि मुंबईच्या पावसात हे टिकेल का?

टिकेल. पण त्या सुताराच्या पद्धतीनं नाही टिकणार, आणि गणपतीच्या आत तर हे काम काढूच नका. काळाचौकीला माझा गाळा आहे, 26 वर्षं हेच करतोय. दरवर्षी जूनमध्ये कोणीतरी "गणपतीच्या आधी पाहिजे" म्हणत येतंच. वर्षातली सगळ्यात दमट हवा तेव्हा असते.

पॉलिशबद्दल सगळे विचारतात. स्क्रूच्या भोकाबद्दल आजवर एकाही गिऱ्हाइकानं विचारलेलं नाही. लाकडी ओटा बिघडतो तो मात्र बहुतेक वेळा त्या भोकापासून. म्हणून आधी तेच सांगतो.

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. तोडून, वाळवून, फर्निचर करून पन्नास वर्षं झाली तरी हे थांबत नाही. पावसाळ्यात दार चौकटीत अडकतं, दिवाळीनंतर सुटतं, तोच प्रकार. लांबीत लाकूड जवळजवळ हलत नाही, हलतं ते रुंदीत. मुंबईत जानेवारी-फेब्रुवारीत लाकडातला ओलावा 11-12 टक्क्यांवर येतो. जुलै-ऑगस्टमध्ये उघडं लाकूड 16-17 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. चार टक्क्यांचा फरक धरा. तुमचा ओटा दोन फूट, म्हणजे 600 मिमी रुंद. साग हे कमी हलणारं लाकूड, तरी एवढ्या रुंदीत ते साधारण साडेचार मिमी फुगतं. आमच्या मापात दीड सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). फळीच्या टोकाकडून बघितलं तर वर्षवलयांच्या रेघा दिसतात. त्या बशीसारख्या आडव्या असतील तर हा दीड सुताचा हिशोब. काडेपेटीतल्या काड्यांसारख्या उभ्या असतील तर जवळपास निम्मा. चांगल्या पॉलिशनं हे हलणं मंदावतं, पण थांबत नाही.

दीड सूत म्हणजे काहीच नाही, असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. धंद्यात नवा असताना माहीमच्या एका काकूंकडे फेब्रुवारीत असाच टॉप बसवला. मागे भिंतीला घट्ट भिडवला, खाली फेव्हिकॉल, स्क्रू आवळून. दिसायला इतका देखणा की काकूंनी शेजारणींना बोलावून दाखवला. जुलैच्या मध्यावर फोन आला, "अरे, टाइल सुटली." जाऊन बघतो तर मागची डॅडोची टाइल भिंतीपासून उचकटलेली, पुढची कड कपाटाच्या बाहेर आलेली आणि मधोमध टॉपला असा फुगवटा की वाटी ठेवली तर डुगडुगावी. फेब्रुवारीत पुन्हा गेलो तेव्हा फुगवटा उतरला होता, पण चिकटवलेल्या सांध्याच्या शेजारी अस्सल लाकडात दोन फूट लांब चीर पडली होती. सांधा उकलला नव्हता, लाकूड फाटलं होतं. स्क्रूनं धरून ठेवलंय, आकसायला जागा नाही, मग ते फाटणारच. पैसे परत केले, लाकूड माझं गेलं. काकू आजही दिवाळीला फराळ पाठवतात, ही त्यांची मेहेरबानी.

तेव्हा नियम असा: टॉप कपाटाला चिकटवायचा नाही, आणि पुढची रांग सोडून बाकी स्क्रू लंबगोल भोकातून. ते नेमकं कसं करायचं ते बसवण्याच्या भागात सांगतो.

आता लाकूड. स्वयंपाकघरासाठी मी सागच सांगेन. त्यात स्वतःचं तेल असतं, पाणी सहज शिरत नाही, आणि गाभ्याच्या लाकडाला वाळवी सहसा लागत नाही. याच मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागाची जहाजं बांधली. 1817 साली इथं पाण्यात उतरलेली ट्रिंकोमाली ही युद्धनौका आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगते आहे. हे ऐकून लोक म्हणतात, मग सागाला पॉलिश कशाला? जहाजाची बाहेरची बाजू कायम ओली असते. ओटा दिवसातून दहादा ओला होतो आणि दहादा सुकतो, वर हळद आणि तेल. तो जाच वेगळा.

वखारीत "बर्मा टीक" म्हणून जे दाखवतात ते डोळे उघडे ठेवून घ्या. म्यानमारनं एप्रिल 2014 पासून सागाचे ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं. आज बाजारात जो साग आहे त्यातला बराचसा आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीचा. तो वाईट असतो असं नाही, पण लवकर तोडलेल्या झाडात कडेचं पांढुरकं, कच्चं लाकूड जास्त येतं. किडा लागतो तो त्यालाच. सहा महिन्यांनी ओट्याखाली पिठासारखी भुकटी पडायला लागते. फळीच्या दोन्ही कडा नीट बघा, पांढरा पट्टा असेल तर तेवढा कापून टाकायचा हे धरून माप घ्या. चंद्रपूर-बल्लारशाकडचा सी.पी. टीक (सी.पी. म्हणजे जुना मध्य प्रांत) चांगला मिळाला तर निःशंक घ्या.

माझी स्वतःची आवड विचाराल तर जुना माल. गिरगाव-लालबागकडच्या चाळी पाडल्या की त्यांच्या तुळया आणि चौकटी रे रोडच्या वखारींत येतात. साठ-सत्तर वर्षं मुंबईची हवा खाल्लेला साग. त्याचं जे काही वाकायचं ते वाकून झालेलं असतं. फक्त रंध्याखाली घालण्याआधी लोहचुंबक फिरवा. मी एकदा एका तुळईतून मूठभर खिळे काढले होते, आणि एक राहिला तो मशीनच्या पात्यानं शोधला.

रबरवूडचे तयार बोर्ड स्वस्त पडतात. टेबलाला ठीक, पण खिडकीखालच्या ओट्याला मी वापरत नाही. पाणी मुरलं की त्यावर निळसर-काळे बुरशीचे डाग येतात आणि ते लाकडाच्या आतपर्यंत जातात. पाइन मऊ, त्यावर नारळ फोडाल तर खड्डा पडेल. कोकणात घर असेल तर फणसाच्या फळ्या मिळतात का बघा. रंगानं हळदीसारखं सुंदर लाकूड, पुढे तांबूस होतं. मी त्याचे दोनच ओटे केलेत, दोन्ही छान चाललेत.

माप असं: साडेसहा फूट लांब, दोन फूट रुंद, तयार जाडी दीड इंच. म्हणजे तयार लाकूड साधारण 1.6 घनफूट. कच्ची फळी दोन इंची घ्यावी लागते आणि कापण्यात तूट जाते, म्हणून अडीच घनफूट विकत घ्या. फळ्या तीन ते चार इंच रुंदीच्या असाव्यात. एकच आठ इंची रुंद फळी दिसायला झकास, पण तीच बशीसारखी वाकते. तयार टॉपचं वजन तीस किलोच्या आसपास होईल, दोन माणसांना उचलतं.

आणि हो, लिफ्टमध्ये मावतं का ते आधी बघा. जुन्या इमारतींच्या लिफ्टमध्ये साडेसहा फुटांची फळी तिरकी करूनही जात नाही कित्येकदा. जिन्यानं न्यायची तर वळणावर माप घ्या. सोसायटीच्या दुपारच्या वेळाही विचारून ठेवा, मशीनचा आवाज दोन ते चार चालत नाही बहुतेक ठिकाणी.

फळ्या घरी आल्या की लगेच कामाला लागू नका. ज्या खोलीत ओटा होणार तिथंच, प्रत्येक थरात पाऊण इंची पट्ट्या घालून, रचून ठेवा. दोन ते तीन आठवडे. नागदेवी स्ट्रीटवर ओलावा मोजायचं छोटं दोन सुयांचं मीटर मिळतं, ते घ्याच. 10 ते 13 च्या मध्ये आकडा स्थिर झाला की सुरू करा. हे सगळं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत केलंत तर सोन्याहून पिवळं.

रंधा मारून फळ्यांच्या कडा सरळ करणं हे काम मात्र घरी करू नका. हाताच्या रंध्यानं साडेसहा फुटांची कड सरळ काढायला वर्षानुवर्षांचा हात लागतो. वखारीजवळच्या मशीनवाल्याकडून चारही बाजूंनी मशीन मारून घ्या. सागात वाळूसारखा अंश असतो, पातं लवकर बोथट होतं, त्यामुळे मशीनवाला थोडे जास्त पैसे मागेल. द्या. घरी आणल्यावर दोन फळ्या कडेला कड लावून खिडकीसमोर धरा. मधून उजेड दिसता कामा नये. दिसला तर परत पाठवा. शिकंजा (क्लॅम्प) आवळून फट बुजवता येते, पण ती बुजवलेली फट पुढे कधीतरी आपला सूड घेते.

चिकटवताना सागाचं तेलच आड येतं. गोंद धरत नाही अशी तक्रार असते ती यामुळे. चिकटवायच्या कडा पांढऱ्या फडक्यावर थिनर किंवा ॲसिटोन घेऊन पुसा. फडकं पिवळसर-तपकिरी होतं, ते तेल. फडकं स्वच्छ येईपर्यंत पुसा आणि तासाभरात चिकटवा. उद्यावर टाकलंत तर आतलं तेल पुन्हा वर येतं. गोंद पाण्याला टिकणारा हवा, फेव्हिकॉल मरीनसारखा, किंवा मग इपॉक्सी. सागाला मी इपॉक्सी पसंत करतो. शिकंजे दर नऊ-दहा इंचांवर, एक वरून एक खालून, नाहीतर सगळा टॉप एका बाजूला पन्हळतो. आवळताना गोंदाचे बारीक मणी सांध्याभर सारखे बाहेर आले पाहिजेत. मणी कुठे आलेच नाहीत तर तिथं गोंद कमी आहे. भसाभस वाहायला लागला तर गोंद जास्त आहे किंवा शिकंजा जास्त आवळलाय. चोवीस तास हात लावू नका.

आता बसवणं. आधी पाणसळ लावून कपाटं समतल आहेत का बघा. कपाटांच्या वर पूर्ण प्लाय ठोकलेलं असेल तर त्यात मोठे झरोके कापा, टॉपच्या खालच्या बाजूला हवा लागली पाहिजे. पुढे आणि मागे चार इंची प्लायच्या पट्ट्या राहू द्या, स्क्रू त्यांतून जाणार. पुढच्या पट्टीत साधी गोल भोकं. मागच्या पट्टीत आणि मधल्या फाळक्यांवर लंबगोल भोकं: 5 मिमीची तीन भोकं ओळीनं, भिंतीकडून पुढे येणाऱ्या दिशेत, आणि मधली भिंत पटाशीनं काढून टाका. पंधरा मिमी लांबीची खाच तयार होते. खालून चपट्या वॉशरसकट 40 मिमीचा स्टेनलेस स्टीलचा स्क्रू. प्लाय 18 मिमी असेल तर लाकडात साधारण 22 मिमी जातो, वरती पुष्कळ राहतं. सागात आधी बारीक भोक पाडा, नाहीतर स्क्रूचं डोकं तुटतं. मागचे स्क्रू घट्ट आवळून मग पाव आटा सैल करा. आता पुढची कड जागची हलणार नाही. फुगायचं-आकसायचं ते सगळं मागे, भिंतीकडे.

भिंतीकडे म्हणून फट हवी. जानेवारीत बसवत असाल तर दोन सूत सोडा. भर पावसात बसवत असाल तर लाकूड आधीच फुगलेलं आहे, एक सूत पुरे. ही फट लोक सिलिकॉननं भरतात आणि दुसऱ्या वर्षी ते एका बाजूनं सुटतं, मग आत पाणी, झुरळं. माझी पद्धत: पाऊण इंच जाड, तीन इंच उंच सागाची पट्टी भिंतीला पक्की करायची, टॉपला नाही. पट्टीच्या खाली केसभर जागा. टॉप तिच्याखाली हवा तसा सरकतो आणि फट कोणाला दिसत नाही. तुमच्याकडे खिडकीतून पावसाचे शिंतोडे येणार, तेही पट्टीवर आधी अडतील.

ग्रॅनाइटला जिथं टॉप भिडतो तिथं तुमच्या लाकडाचं टोक येतं. फळीचं टोक म्हणजे नळ्यांचा जुडगा, पाणी सगळ्यात जास्त तिथूनच शोषलं जातं. त्या टोकाला पातळ इपॉक्सीचे दोन हात द्या, पहिला शोषला गेला की दुसरा. मग एक सूत फट ठेवून तिथं सिलिकॉन चालेल, कारण लांबीत लाकूड हलत नाही. सिलिकॉन न्यूट्रल घ्या. व्हिनेगरसारखा वास मारतं ते दगडाजवळ नको.

एक छोटीशी गोष्ट, पण जुन्या मिस्त्रींकडून शिकलेली. पुढच्या कडेच्या खाली, अर्धा इंच आत, पात्याच्या जाडीची एक खाच लांबीभर मारा. ओट्यावरून सांडलेलं पाणी कडेवरून खाली वळतं आणि तळाला चिकटून आत कपाटात जातं. खाच असली की तिथं त्याची पागोळी होऊन ते खाली टपकतं. बाल्कनीच्या छज्ज्याला खालून असते तीच युक्ती.

गॅसचा पाइप या बाजूला येत असेल तर त्याला तुम्ही किंवा सुतारानं हात लावायचा नाही, गॅस कंपनीचाच माणूस बोलवा.

घासणं कंटाळवाणं आहे, पण घाई करू नका. 80 नंबरचा पॉलिश पेपर, मग 120, मग 180. रेषेच्या दिशेनंच. 120 नंतर स्वच्छ ओल्या फडक्यानं अख्खा टॉप पुसून वाळू द्या. हात फिरवलात तर दाढीच्या खुंटांसारखं लागेल, लाकडाचे तंतू उभे राहिलेले असतात. मग 180 नं ते उतरवा. हे आत्ता केलं नाहीत तर पहिल्यांदा ओटा पुसाल तेव्हा पॉलिशखालून तेच खुंट उभे राहतील. सागाची धूळ नाकाला आणि कातडीला झोंबते, मास्क लावा, आणि स्वयंपाकघराच्या दाराला जुनी चादर अडकवा. नाहीतर पुढचा आठवडाभर डाळीत साग लागेल.

पॉलिशकडे येतो. मेलामाइन कपाटाच्या दाराला छान. ओट्यावर त्याचा कडक पापुद्रा एकदा ओरखडला की त्या ओरखड्यातून पाणी आत जातं आणि पापुद्रा पांढरट होऊन उचलतो. शिवाय पावसात मारलं तर मारतानाच धुकट पडतं. दोन भागांचं पीयू (पॉलियुरेथेन) याच्यापेक्षा पाण्याला कितीतरी चांगलं. सिंकजवळ लाकूड लावायचा हट्ट असता तर मी पीयूच सांगितलं असतं. पण ते स्प्रेनं मारणाऱ्या माणसाचं काम, आणि तीन-चार वर्षांनी जागोजागी चरे पडले की अख्खा टॉप घासून पुन्हा मारावा लागतो. तुमचा खिडकीखालचा भाग सिंकचा नाही, काम स्वतः करायचंय, तर तेल-व्हार्निशचं मिश्रण घ्या: एक भाग टंग ऑइल (टंग झाडाच्या बियांचं, हवेत वाळणारं तेल), एक भाग साधं एका डब्यातलं तेलाचं पीयू व्हार्निश, एक भाग टर्पेंटाइन. लाकडात मुरतं, वर जाड पापुद्रा करत नाही, आणि डाग पडला तर तेवढीच जागा घासून दुरुस्त करता येते.

नुसतं जवसाचं तेल नको. आपल्या हवेत ते वाळायला युगं घेतं आणि बुरशीला ते आवडतं. "बॉइल्ड" जवस तेलात वाळवण्यासाठी धातूचे क्षार घातलेले असतात, तेही खाण्याच्या जागी मला पटत नाही. डब्यावर "टीक ऑइल" लिहिलेलं असतं त्याचा सागाच्या झाडाशी काही संबंध नाही, तेही बहुतेक असंच तेल-व्हार्निशचं मिश्रण. शेंगदाण्याचं, खोबऱ्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल तर लावूच नका. पोळपाटाला आजीनं लावलं असेल, पण ओट्यावर ते खवट होतं आणि वास जात नाही. मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन वाळत नाही, ते चॉपिंग बोर्डाला बरं.

लावण्याआधी पुन्हा एकदा थिनरचं फडकं, नाहीतर सागाच्या तेलामुळे पहिला हात चिकट राहतो. शेगडी बंद, खिडक्या उघड्या. भरपूर ओता, फडक्यानं पसरवा, वीस मिनिटं थांबा. काही ठिकाणी लाकूड तहानल्यासारखं पिऊन कोरडं पडेल, तिथं पुन्हा द्या. मग कोरड्या फडक्यानं वरचं सगळं पुसून काढा, थेंबही ठेवू नका. उरलेलं तेल गोंदासारखं चिकट होतं आणि त्यावर झुरळाचा पाय अडकलेला मी पाहिलाय. थंडीत एक दिवसाआड, असे पाच हात. खालच्या बाजूलाही तेवढेच हात. इथं सगळे कामचुकारपणा करतात, आणि मग वरची बाजू एका वेगानं ओलावा घेते, खालची दुसऱ्या, आणि टॉप वाकतो. म्हणून पॉलिशचं काम टॉप कपाटावर बसवण्याआधी, तो दोन स्टुलांवर ठेवूनच करा. शेवटच्या हातानंतर महिनाभर हलक्या हातानं वापरा. नाक जवळ नेल्यावर वास अजिबात आला नाही की झालं.

तेलाची फडकी. कृपया हा परिच्छेद गाळू नका. अशी तेलं वाळताना उष्णता सोडतात. चोळामोळा करून प्लास्टिकच्या पिशवीत टाकलेली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात, काडी लागत नाही. माझ्याच गाळ्यात एकदा सकाळी कुलूप उघडलं तर पोतं धुमसत होतं. फडकी मोकळी, एकेक करून दोरीवर वाळत घाला, किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. गच्च गोळा करून कचऱ्यात नाही.

वापराबद्दल थोडं. ओट्यावर थेट चिरू नका, पाट ठेवा. पाणी सांडलं की पुसा, रात्रभर ओलं फडकं पसरून ठेवू नका. हिरवी घासणी आणि ब्लीच लांब ठेवा. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, 220 च्या पेपरनं हलकं घासून मिश्रणाचा एक हात द्या. कुठे गरज आहे हे कळायला थेंबभर पाणी टाका. मण्यासारखं उभं राहिलं तर ठीक, पसरून लाकूड काळपट झालं तर हात द्यायची वेळ झाली.

हळदीचा डाग पडेलच. घाबरून सोडा चोळू नका, हळद लाल होते आणि जास्त भडक दिसते. साध्या पाण्यानं पुसा आणि सोडून द्या. तुमची खिडकी आहे ना, हळदीचा रंग उन्हात उडतो, दोन-चार दिवसांत फिका पडतो.

खरा शत्रू लोखंड आहे. एका गिऱ्हाइकाच्या घरी सागाच्या ओट्यावर ओली विळी रात्रभर राहिली. सकाळी विळी उचलली तर खाली काळाकुट्ट ठसा, विळीच्या पायाच्या आकाराचा, पात्याच्या टोकाच्या चंद्रकोरीसकट. लाकडातलं टॅनिन आणि ओलं लोखंड मिळून शाई तयार होते, जुन्या काळी अशीच शाई करत. साबणानं ती हलत नाही. तिथलं पॉलिश घासून काढलं, ऑक्झॅलिक ॲसिडची पूड कोमट पाण्यात विरघळवून ब्रशनं लावली. अर्ध्या तासात काळा ठसा राखाडी, मग जवळजवळ गायब. दोनदा लावलं, स्वच्छ पाण्यानं तीन-चारदा पुसलं, दोन दिवस वाळवलं आणि पुन्हा तेलाचे हात दिले. ती पूड विषारी आहे, हातमोजे आणि मास्क लावा, स्वयंपाकाच्या भांड्यात कालवू नका, आणि मुलं घरात असतील तर त्या दिवशी मामाकडे पाठवा. तवा, विळी, खलबत्ता, सगळ्यांखाली काहीतरी ठेवायची सवय लावा.

राहिला कुकर. गॅसवरून उतरवलेलं भांडं लाकडावर थेट ठेवायचं नाही, आणि घरातल्या सगळ्यांना हे लक्षात राहणार नाही. तुमचा तो तडकलेला कडप्पा अजून भंगारवाल्याला दिला नसेल तर थांबा. त्यातला धड राहिलेला फूटभर चौकोन कटरवाल्याकडून कापून, कडा घासून घ्या, खाली चार रबरी बुटं चिकटवा, आणि ग्रॅनाइट संपून लाकूड सुरू होतं तिथं मांडून ठेवा. कुकर कुठे ठेवायचा हे मग कोणाला सांगावं लागत नाही.